गाणे सावकाश ऐकताना

गाणे शिकणाऱ्याला 'सावकाश' या शब्दाचे मोल जितके ठाऊक असते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. गुरुजी एक ओळ गाऊन दाखवितात. विद्यार्थी ती उचलू पाहतो, पण मध्येच एखादी जागा निसटते. गुरुजींच्या ते ध्यानात येते आणि तीच ओळ ते पुन्हा, परंतु या वेळी निम्म्या लयीत म्हणतात. मग जे मघाशी नुसतेच कानांवरून वाहून गेले होते ते स्पष्ट होते. कर्नाटक संगीताच्या विद्यार्थ्याला तर आरंभीचे स्वरपाठ तीन लयींत म्हणण्याचा रिवाजच आहे: आधी संथ, मग त्याच्या दुप्पट आणि शेवटी चौपट. हिंदुस्तानी पद्धतीतही तान आधी ठाय लयीत घोटावी आणि मग वाढवीत न्यावी, असेच सांगितले जाते.

घरातील गाण्यांची रीत याहून वेगळी नव्हती. भोंडल्याची, मंगळागौरीची, हळदीची गाणी कोणी वहीतून शिकले नाही. आजीच्या शेजारी बसून, तिच्या ओठांकडे पाहून, चुकेल तेथे तिला थांबवून ती उचलली गेली. 'आजी, ते पुन्हा म्हण ना, जरा हळू,' एवढी विनंती पुरेशी होती.

आज अनेक कुटुंबांत आजी एका गावी आणि नात दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथे पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी घरांना तर हा अनुभव नवा नाही. अशा वेळी गाणे पोचते ते ध्वनिमुद्रणाच्या रूपाने. कोणीतरी फोनवर ते टिपून घेते आणि धाडून देते. ते कौतुकाने ऐकलेही जाते, परंतु शिकले मात्र जात नाही. कारण झिम्म्याच्या गाण्यातील शब्द इतक्या झरझर येतात की सूर ओळखीचा होतो आणि शब्द हाती लागत नाहीत. ध्वनिमुद्रणाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून ते आपण होऊन हळू होत नाही. तथापि त्याला हळू करता येते, आणि त्यासाठी बहुधा नवे काही विकत घ्यावे किंवा फोनात भरावे लागत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ती सोय कोणती आणि तिचा उपयोग कसा करावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तबकडीचा अडसर

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला तो १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात. ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्यानंतर मोठमोठ्या गायकांचा आवाज घरोघर, हॉटेलांत आणि दुकानांत ऐकू येऊ लागला. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी एका दुकानात ऐकली आणि तो स्वर त्याच्या मनात घर करून बसला. १९३३ साली त्याने गुरूच्या शोधात घर सोडले. तो मुलगा म्हणजे पुढे भारतरत्न झालेले पंडित भीमसेन जोशी. या कथेतील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तबकडीने तहान लावली, पण ती भागविण्यासाठी त्यांना सवाई गंधर्वांच्या दारीच जावे लागले. तबकडीला प्रश्न विचारता येत नव्हता, आणि 'जरा हळू' असेही म्हणता येत नव्हते.

ग्रामोफोनची चकती धीम्या गतीने फिरविता येत असे, हे खरे. वेग कमीजास्त करण्याची कळ त्या यंत्रात असे. परंतु चकती हळू फिरली की लय उतरे आणि तिच्याबरोबर स्वरही उतरे. याचे कारण साधे आहे. स्वर म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने. तबकडीवरील खोबणीत ती कंपने कोरलेली असतात. सुई त्या खोबणीतून निम्म्या वेगाने गेली तर सेकंदाला कंपनेही निम्मीच उमटणार. निम्मी कंपने म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. मूळ वेगाच्या पाऊणपट वेगाने तबकडी फिरविली तर गायकाचा षड्ज मंद्र पंचमाच्या जागी जाऊन बसतो. अशा गाण्याबरोबर तंबोरा जुळविलेला असेल तर तो निरुपयोगी ठरतो, आणि कोकिळकंठी गायिकेचा आवाज घोगऱ्या पुरुषासारखा भासतो.

१९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली आणि पुढे एकाच यंत्रावर निरनिराळे वेग मिळू लागले. पण ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी ३३⅓ वर लावली की स्वर सप्तकाहूनही अधिक खाली घसरे. फिरकीच्या टेपरेकॉर्डरने एक पाऊल पुढे टाकले. सेकंदाला साडेसात इंच वेगाने मुद्रित केलेली फीत पावणेचार इंचांच्या वेगाने लावली की लय निम्मी होई आणि स्वर नेमका एक सप्तक उतरे. स्वरांची नावे तरी जागेवर राहत, म्हणून कित्येक अभ्यासकांनी या युक्तीचा उपयोग केला. तरी लय आणि स्वर यांची गाठ सुटली नव्हती ती नव्हतीच.

माळेतील फुले

ही गाठ सोडविण्याचे प्रयत्न शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून चालविले होते. पुढे होलोग्राफीसाठी १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे डेनिस गॅबर यांनी १९४६ मध्येच ध्वनीचे सूक्ष्म कण कल्पून त्यांचा विचार मांडला होता. १९५४ साली अमेरिकेत ग्रँट फेअरबँक्स आणि त्यांचे सहकारी यांनी फिरत्या शीर्षाचे टेपयंत्र वापरून बोलण्याचा वेग स्वर न बदलता कमीजास्त करून दाखविला. १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी हेच काम गणिताच्या साहाय्याने करण्याची एक रीत प्रसिद्ध केली. त्या काळी त्यासाठी मोठ्या गणकयंत्राची आवश्यकता होती. आज तितके गणित आपल्या खिशातील फोन गाणे वाजवितावाजविता करतो.

ते तो कसे करतो, हे समजून घेण्यासाठी फुलांच्या माळेचे उदाहरण घेऊ. एखादी माळ हातभर लांब आहे आणि आपल्याला दीड हात हवी आहे. दोरा ताणला तर फुलांमधील अंतर वाढेल आणि माळ विरळ होईल. तबकडी हळू फिरविल्याने जे होई ते हेच. शहाणी गृहिणी दोरा ताणत नाही. जेथे जे फूल आहे तेथे तशाच जातीचे आणखी एक फूल ती ओवते. माळ लांब होते, पण तिची दाटी कमी होत नाही.

फोन नेमके हेच करतो. तो ध्वनीचे सेकंदाच्या काही शतांशांइतके लहान तुकडे कल्पितो, ते एकमेकांवर थोडे चढवून मांडतो आणि जरूर तेथे एखाद्या तुकड्याची पुनरावृत्ती करतो. काळी एकच्या षड्जावर गाणाऱ्या पुरुषाच्या आवाजात सेकंदाला सुमारे १३९ कंपने होतात. सेकंदाच्या तीन शतांश भागात अशी चार कंपने सहज मावतात. दोन तुकड्यांच्या लहरी एकमेकींशी जुळतील अशा बेताने सांधा साधला की कानाला तो जाणवत नाही. कंपनांची घनता तीच राहते म्हणून स्वर जागचा हलत नाही. तुकडे वाढतात म्हणून लय मात्र उतरते. मूळ तंबोरा, पेटी किंवा आपला गळा ज्या पट्टीत असेल त्याच पट्टीत सराव करता येतो. तबकडी आणि फीत यांना जे साधले नाही ते हेच होय.

आपल्याच फोनात

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. अँड्रॉइड प्रणालीच्या २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून गाण्याचा वेग आणि स्वर वेगवेगळे बदलण्याची क्षमता त्या प्रणालीतच अंतर्भूत आहे. ती वापरण्याचे बटण मात्र प्रत्येक फोनात एकाच जागी नसते. म्हणून थोडा शोध घ्यावा लागतो.

पहिला मार्ग यूट्यूबचा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ते विकत घेतानाच असते. गाणे लावून चित्रावर बोट टेकवावे म्हणजे कोपऱ्यात दातेरी चाकाचे चिन्ह दिसते. ते दाबल्यावर 'प्लेबॅक स्पीड' अशी ओळ येते. तेथे १ म्हणजे मूळ वेग, ०.७५ म्हणजे पाऊणपट, ०.५ म्हणजे निम्मा आणि ०.२५ म्हणजे पाव. तीन मिनिटांचे गाणे पाऊणपट वेगाने चार मिनिटे चालते आणि निम्म्या वेगाने सहा मिनिटे.

दुसरा मार्ग फोनात आधीपासून असलेल्या गाणी वाजविण्याच्या साधनाचा. घरच्यांनी धाडलेले किंवा आपण टिपलेले ध्वनिमुद्रण त्यात उघडावे आणि पडद्याच्या कोपऱ्यातील तीन टिंबे दाबून वेगासंबंधी काही ओळ आहे काय ते पाहावे. सॅमसंगच्या संगीतवादकात ही सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये दिलेली असते. सर्वच कंपन्यांच्या वादकांत ती नसते. नसल्यास ध्वनिमुद्रण एखाद्या संकेतस्थळावर आहे काय ते पाहावे. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये जेथे साधा, लांबट वादक दिसतो तेथे त्याच्या तीन टिंबांखाली वेग बदलण्याची ओळ पुष्कळदा सापडते.

तिसरा मार्ग आयफोनधारकांसाठी आहे. त्या फोनातील 'व्हॉइस मेमोज' या ध्वनिमुद्रण साधनात २०२१ साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून वेग बदलण्याची पट्टी आहे. तिच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा काढलेला आहे. कासवाकडे बोट सरकविले की लय उतरते. आजीचे गाणे थेट याच साधनात टिपले तर पुढची सोय आपोआप होते. दुसऱ्या यंत्रावर चाललेले गाणेही केवळ स्वतःच्या सरावापुरते यात टिपून घेता येते.

दोन गोष्टी येथे सांगून ठेवणे इष्ट आहे. गाणी ऐकविणाऱ्या कित्येक सेवा वेग बदलण्याची मुभा भाषणे व गप्पा यांच्यासाठी देतात, गाण्यांसाठी देत नाहीत. तेव्हा तेथे बटण सापडले नाही तर आपलेच काही चुकते आहे असे समजू नये. तसेच व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपांना २०२१ साली जी सोय मिळाली ती दीडपट आणि दुप्पट वेगाची होती. निरोप लवकर ऐकून संपविण्याची निकड यंत्रकर्त्यांना आधी जाणवली, यात नवल नाही. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. वाजविण्याचा वेग कमी केल्याने मूळ ध्वनिमुद्रणाला धक्का लागत नाही. ते जसेच्या तसे राहते.

सावकाश ऐकण्याची रीत

सोय हाती आली म्हणून संपूर्ण गाणे निम्म्या वेगाने लावून बसणे हितावह नाही. त्याने कंटाळा तर येतोच, शिवाय गाण्याचा तोल मनातून निसटतो. पुढील क्रम पाळला तर लाभ होईल.

प्रथम गाणे मूळ वेगाने तीनचार वेळा ऐकावे. त्याचा ठेका, चढउतार आणि समेची जागा मनात बसू द्यावी. नंतर एकच ओळ निवडावी आणि ती पाऊणपट वेगाने ऐकावी. बहुसंख्य ओळींना एवढी मंदी पुरते. या वेळी हातात वही असावी आणि ऐकू येईल तसा शब्द लिहून काढावा. बोलीतील रूप असेल तर ते बोलीतच लिहावे, पुस्तकी करू नये. आपल्याला अर्थ लागला नाही म्हणून शब्द बदलण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा, आणि त्या शब्दाखाली रेघ ओढून वडील माणसांना विचारावे. जात्यावरच्या ओव्यांतील कितीतरी शब्द शेताचे, पिकाचे आणि नात्यांचे आहेत. ते एकदा बदलले की परत मिळत नाहीत.

निम्मा वेग केवळ अवघड जागेसाठी राखून ठेवावा. एखादी मुरकी, एखादी तान, दोन शब्दांमधील निसटती जोडणी, एवढ्यासाठीच. सेकंदाला आठ स्वर असलेली तान निम्म्या वेगाने सेकंदाला चार स्वरांची होते. चार स्वर सरावलेला कान मोजू शकतो, आणि जे मोजता येते ते गळ्याला सांगता येते. जागा उमगली की फोन थांबवून ती आपण म्हणावी, मग पुन्हा ऐकावी.

यानंतरची पायरी बहुधा वगळली जाते, परंतु तीच मुख्य आहे. ज्या वेगाने उतरलो त्याच वाटेने वर चढावयाचे. निम्म्यावरून पाऊणवर, पाऊणवरून पूर्ण वेगावर. जेथे वेग अगदी थोडाथोडा बदलता येतो तेथे मधल्या पायऱ्याही घ्याव्यात. शेवटी फोन बंद करून गाणे एकट्याने म्हणावे. तेथे ते पार पडले तरच ते आले असे समजावे.

हीच रीत शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझीम किंवा समूहनृत्य बसविणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल. पाऊणपट वेगावर पाऊल बसले की मुलांचा धीर वाढतो, आणि ठेका जागचा न हलल्यामुळे पुढे वेग वाढविताना गोंधळ होत नाही.

यंत्र काय सांगत नाही

या सोयीच्या मर्यादाही ध्यानी घ्यावयास हव्यात. तबल्याचा आघात क्षणार्धात होऊन जातो. तुकड्यांची पुनरावृत्ती करताना तो आघात दोनदा सापडला तर निम्म्या वेगावर एका 'ना'चे दोन 'ना' ऐकू येतात, किंवा त्याची धार बोथट होते. पाव वेगावर तर कंठस्वरही पोकळ, विहिरीतून आल्यासारखा भासू लागतो. म्हणून आवाजाचा पोत शिकावयाचा तो मूळ वेगावरच.

आंदोलनाचेही तसेच आहे. गायक एखादा स्वर हळुवार झुलवितो तेव्हा त्या झुलण्यालाही स्वतःची गती असते. वेग निम्मा केला की ते झुलणे निम्म्या गतीचे होते. विद्यार्थ्याने तसेच उचलले तर त्याच्या गळ्यात गायकाचा नव्हे, यंत्राचा दोष उतरेल. श्वासाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जी ओळ गायक एका दमात म्हणतो ती निम्म्या वेगाने आपल्या एका दमात मावत नाही. सरावात आपण मध्ये श्वास घेतो आणि ती सवय जडते. दम कोठे घ्यावयाचा हे मूळ गाणेच सांगते. म्हणून प्रत्येक बैठकीचा शेवट मूळ वेगाने व्हावा.

आणि संथ केलेली द्रुत चीज म्हणजे विलंबित ख्याल नव्हे, हेही विसरू नये. विलंबित लयीत गायक दोन मात्रांमधील अवकाश जाणूनबुजून भरतो. यंत्राने लांबविलेल्या अवकाशात नवे काहीच नसते. जे होते तेच थोडे दूर दूर मांडलेले असते. पाहण्यासाठी ते ठीक आहे, राहण्यासाठी नाही.

घरातला आवाज

या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. नावाजलेल्या गायकांची गाणी ऐकावयास मिळतात आणि ती पुढेही मिळत राहतील. परंतु आपल्या घरात, आपल्या गावच्या बोलीत, आपल्या नात्यांची नावे गुंफून जी गाणी म्हटली गेली ती फक्त आपल्याच घरच्या वृद्धांना येतात. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील कित्येक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकावयास मिळतात. ज्यांच्या घरी गाणारे कोणी उरले नाही त्यांना तेथून आरंभ करता येईल. पण तो संग्रह चाळताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एवढ्या ओव्या टिपल्या गेल्या, त्या कोणीतरी वेळेवर जाऊन बसले म्हणून. आपल्या घरी अजून कोण गात आहे?

सुटीत गावी जाल तेव्हा त्या व्यक्तीजवळ एक सकाळ काढा. पंखा बंद करा, दार लोटून घ्या, फोन घडी केलेल्या रुमालावर ठेवा आणि गाणे आधी नेहमीच्या चालीत, नेहमीच्या वेगाने म्हणवून घ्या. नंतर तेच शब्द नुसते बोलून दाखविण्याची विनंती करा. कोणत्या प्रसंगी, कोणाकडून शिकलेले गाणे, हेही त्यांच्याच तोंडून टिपून ठेवा. एक प्रत आपल्याजवळ आणि एक दुसऱ्या नातलगाकडे असू द्या.

मात्र टिपले म्हणजे राखले, अशी समजूत करून घेऊ नये. फोनात पडून राहिलेले गाणे आणि ट्रंकेत पडून राहिलेली पैठणी यांत अंतर नाही. दुसरा गळा ते म्हणू लागला तरच ते पुढे गेले. हे काम पूर्वी आजी करीत असे, कारण नात अडखळली की ती हळू होई. आता ती जवळ नसेल तेव्हा निदान तिचा आवाज तरी हळू करता येतो, तोही तिच्याच स्वरात. येत्या भोंडल्याला किंवा मंगळागौरीला अजून अवकाश आहे. मुलांना घेऊन बसा, एकच गाणे निवडा आणि पाऊणपट वेगापासून आरंभ करा. गाणे आले की आजींना फोन लावा आणि मुलांकडून ते त्यांना ऐकवा. कोठे शब्द चुकला असेल तर त्या सांगतीलच.